नाव नसलेला माणूस बहुधा ओळखीचाच निघतो

चिपळूणच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कुलातल्या बाईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. गावाच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खातं काढलंय. चालवणाऱ्याचं नाव नाही, फोटोच्या जागी ग्रामदेवतेच्या देवळाचा कळस. आधी त्यावर गावच्या गमतीजमती यायच्या. आता दहावीच्या मुलींबद्दल, वाडीतल्या एका विधवा बाईबद्दल आणि खुद्द या बाईंबद्दल वाट्टेल ते येतं, आणि खाली पन्नास जण दात काढतात. बाई विचारतात, नाव लपवलं की माणूस असा होतो, की तो मुळात असाच असतो? सगळ्यांना खऱ्या नावाने लिहायची सक्ती केली तर हे थांबेल का? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यांत जड वाटला: शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा ती खांद्यावर घेणाऱ्यांतच हा असेल, तर दार उघडायचं का?

मी रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षं वकिली करतोय. निम्मं आयुष्य गडगे, पाणंदी, वहिवाटी आणि सामायिक विहिरी यांत गेलं. गेली बारा-तेरा वर्षं मध्यस्थीचंही काम करतो, त्यामुळे निनावी लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिलं तो, दोघांना समोरासमोर बसलेलं पाहायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आलीय. त्यावरून सांगतो. नाव लपवल्याने माणसाच्या अंगात नवीन काही शिरत नाही. पण आड राहून लिहिताना त्याला समोरच्याचा चेहरा दिसेनासा होतो, आणि खरी भानगड तिथे आहे.

निनावीपणा कोकणाला नवा नाही हो बाई. नव्वदच्या दशकात मी नुकताच काळा कोट चढवला होता, तेव्हा पक्षकारांच्या कागदांत अधूनमधून एखादं निनावी पत्र निघायचंच. आंतरदेशीय, डाव्या हाताने लिहिलेलं, खाली 'आपला हितचिंतक'. मुलीची सोयरीक ठरली की ते मुलाकडच्यांना जायचं. मुलीला फिट येतात, आधी एकदा ठरलेलं मोडलंय, असलं काहीतरी. पण त्या एका पत्रामागे खटाटोप किती! टपालाच्या शिक्क्यावरून गाव कळू नये म्हणून लिहिणारा एसटी धरून परक्या गावी जायचा आणि तिथल्या पेटीत पत्र टाकून यायचा. माझ्या एका म्हाताऱ्या पक्षकाराने फार वर्षांनी हसत हसत सांगितलं, की असंच एक पत्र खिशात घालून तो लांज्यापर्यंत गेला, स्टँडवर भजी खाल्ली, चहा घेतला आणि पत्र न टाकताच परतीच्या गाडीत बसला. "तोवर राग निवला, वकीलसाहेब." आता मधली ती एसटीच राहिलेली नाही. रात्री अकरा वाजता अंथरुणात राग येतो आणि अकरा वाजून एक मिनिटाने तो गावभर झालेला असतो.

कायद्यालाही ही जात जुनीच माहीत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०७ होतं: नाव-पत्ता लपवून किंवा निनावी पत्राने धमकी दिली, तर साध्या धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. तारायंत्राच्या काळात लिहिलेलं हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५१(४) म्हणून जवळपास तसंच उतरलंय. आड राहून मारलेला धोंडा जास्त लागतो, कारण तो कुठून आला हे न कळल्याने माणूस चहूबाजूंनी घाबरतो. तुम्हीही त्याच अवस्थेत आहात. एकाने लिहिलंय, आणि तुम्हाला अख्ख्या गावाची नजर बदललेली वाटतेय.

आता शिमग्याचंच घ्या. आपल्याकडे तोंड झाकून वाट्टेल ते बोलायची वर्षातून काही दिवस मुभाच असते. खेळ्यांत संकासूर येतो, काळा पायघोळ, उंच टोपी, कमरेला घुंगरं, चेहरा झाकलेला. तो कोणाच्याही अंगावर धावून जातो, कोणाचीही टर उडवतो, आणि कोणी रागावत नाही. पण आत कोण आहे हे अख्ख्या वाडीला चालीवरून ठाऊक असतं. त्याच्या सोंगाला ठरलेले दिवस असतात, बाजूला मानकरी उभे असतात, आणि खेळे संपल्यावर टोपी काढून तो त्याच ओटीवर घाम पुसत पाणी मागतो. म्हणजे चेहरा झाकलेला, पण माणूस गावाच्या हातातला. (शिमग्याच्या नावाखाली बायकांच्या वाट्याला काय काय येतं तेही मी पाहिलंय, तेव्हा नुसते गोडवे गात नाही.) इंटरनेटवरच्या शिमग्याला शेवटचा दिवस नाही. शिमगा जातो आणि कवित्व राहतं असं आपण म्हणतो, ते तिथे अक्षरशः खरं आहे. मजकूर पाच वर्षांनीही शोधला की सापडतो.

याच्याशी जुळणारा अमेरिकेतला एक अभ्यास मी मध्यस्थीच्या प्रशिक्षणात नेहमी सांगतो. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७६ साली प्रसिद्ध केला. तिकडे हॅलोविनला पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात, आपल्या शिमग्याच्या सोंगांसारखीच. सिएटल शहरातल्या २७ घरांत १,३०० हून अधिक मुलांवर हा प्रयोग झाला. घरातली बाई सांगायची, एकेकच चॉकलेट घ्या, आणि आत निघून जायची. काही मुलांना आधी नाव आणि पत्ता विचारलेला असायचा, काहींना नाही. एकट्या आलेल्या आणि नाव सांगितलेल्या मुलांत १०० पैकी सात-आठांनीच जास्त उचललं. नाव न विचारलेल्या घोळक्यात ५७ जणांनी. पण मला त्यातले मधले दोन आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. एकटा आणि निनावी, तर साधारण २१. घोळक्यात, पण नाव सांगितलेला, तरीही साधारण २१! म्हणजे नाव लपल्याने जेवढं बिघडतं, जवळपास तेवढंच नुसत्या घोळक्यानेही बिघडतं, आणि दोन्ही एकत्र आले की पोरं बरणीच रिकामी करतात. तुमच्या गावच्या त्या खात्यावर लिहिणारा एक आहे आणि हसणारे पन्नास. तुमचं सगळं लक्ष त्या एकावर आहे. माझं त्या पन्नासांवर आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत.

राजापूरकडच्या खाडीकाठच्या गावात एक काकी. नवरा वारल्यावर घरातल्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागल्या, स्वतः रांधून वाढायच्या. गूगलवर त्यांच्या घराच्या नावाखाली कोणीतरी खोट्या नावाने लिहू लागलं. आधी भातात खडे. मग खोल्यांत भलते धंदे चालतात. मग थेट काकींच्या चारित्र्यावर. दिवाळीनंतरचा हंगाम, आणि बुकिंग निम्म्यावर आलं. काकी म्हणाल्या, "कोणीतरी मुंबईचा पर्यटक चिडला असेल हो." मी सगळं छापून घेतलं आणि रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचत बसलो. सातव्या की आठव्या मजकुरात एक ओळ होती: 'तात्यांच्या कलमाखाली गाड्या लावायला देतात, लाज नाही.'

पर्यटकाच्या लेखी ते एक आंब्याचं झाड. गावाच्या लेखी पुढल्या दारचा हापूस. 'तात्यांचं कलम' म्हणणारी माणसं त्या एका घरातली, लहानमोठी मिळून नऊ. त्यांतल्या चौघांना फोन उचलायचा तर हिरवं बटण दाखवून द्यावं लागतं. राहिलेल्यांत विरारला असणारा पुतण्या होता, पस्तिशीतला, नाकासमोर चालणारा. गणपतीत काकींच्याच हातच्या घावनांवर वाढलेला.

मे महिन्यात तो आंब्याला आला तेव्हा पडवीत बसलो. मी, काकी, तो आणि त्याचे एक मावसे. काकींना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलेलं होतं. तरी तो पायरी चढला तशा त्या आत गेल्या आणि तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा आणून त्याच्यापुढे ठेवला. "उन्हातनं आलास, आधी पाणी घे." हात सवयीने चालतात. मी कागद पुढे सरकवला. त्याने तो वाचला नाही, उपडा करून ठेवला. बराच वेळ भांड्याकडे बघत बसला. मग जे बोलला ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं: "वकीलसाहेब, मी हे काकीला नाय लिहिलं. मी त्या होमस्टेला लिहिलं."

खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या डोक्यात खरंच तसं होतं. त्या मागच्या खोल्यांतली एक त्याच्या वडिलांच्या वाटणीची होती, तिचं भाडं त्यांना मिळत नव्हतं, आणि त्याचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. विरारच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या तो जे टाइप करत होता ते एका पाटीवर, एका नावावर. भातात खडे सापडणारी ती बाई म्हणजे आपल्याला तापात पेज भरवणारी काकी, हे त्या वेळी त्याच्या समोरच नव्हतं.

जॉन सूलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली यावर एक निबंध लिहिला. ऑनलाइन गेल्यावर माणसाचा लगाम का सुटतो याची त्यांनी सहा कारणं सांगितली, आणि नाव लपलेलं असणं हे त्यांतलं फक्त एक. आपण दिसत नाही, समोरून उत्तर लगेच येत नाही, समोरचा माणूस आपल्याच डोक्यातलं एक पात्र वाटू लागतो, ही बाकीची काही. पुतण्याचं 'होमस्टेला लिहिलं' हे त्या शेवटच्यात चपखल बसतं. पुढे २०१२ मध्ये हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी ही कारणं सुटी करून बघितली. १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना एका अवघड पेचावर चॅटवर वाद घालायला लावलं. काहींना एकमेकांची नावं माहीत, काहींना नाही. काही एकमेकांना दिसत होते, काही नाही. आणि काहींचे कॅमेरे असे लावले की डोळ्याला डोळा भिडत राहील. शिवीगाळ आणि धमक्या वाढायला सर्वांत जास्त कारणीभूत ठरलं ते डोळ्याला डोळा न भिडणं. नाव माहीत नसण्यापेक्षाही. मी हा निबंध वाचला तेव्हा मला तो तांब्या आठवला.

काकींच्या त्या प्रकरणात माफीबिफी कोणी मागितली नाही. मजकूर काढला गेला, त्या एका खोलीचं निम्मं भाडं दिरांच्या खात्यावर जाईल असं कागदावर आलं. निघताना काकींनी दोन डझन आंबे पिशवीत भरून दिले. पिशवी पडवीतच राहिली.

आता तुमचा सक्तीचा प्रश्न. हा प्रयोग एका देशाने करून झालाय. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याने आधी सरकारी ओळख पटवून द्यायची असा नियम केला. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने एकमताने तो नियमच रद्द केला. अभिव्यक्तीवर गदा आली आणि बेकायदा मजकूर म्हणावा तसा कमी झालेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. इतकं लांब जायलाही नको. तुमच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. तिथे प्रत्येकाचं नाव आहे, फोन नंबर आहे, बऱ्याच जणांचा बायको-पोरांसकट फोटो आहे. तरी देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीवरून मुंबईकर आणि गाववाले एकमेकांना काय काय लिहितात? आमच्याकडे अशाच एका ग्रुपवरून फौजदारी झाली, आणि त्यातला एकही मजकूर निनावी नव्हता. आपण बरोबरच आहोत अशी ज्याची खात्री असते, तो नाव लावून शिव्या देतो. उलट त्याला नाव दिसायलाच हवं असतं.

आणि नाव न सांगण्याची गरज असलेली माणसं वेगळीच असतात. दारू सोडायला निघालेल्या माझ्या काही पक्षकारांना मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला पाठवलंय. १९३५ पासून ही चळवळ चाललीय ती आडनाव न सांगण्याच्या जोरावर. आमचे लोक तर आपला तालुका सोडून दुसऱ्या तालुक्याच्या बैठकीला जातात, कारण कोकणात नाव लपवलं तरी चेहऱ्यावरून 'अमक्याचा धाकटा' हे तिसऱ्या मिनिटाला कळतं. सत्येंद्र दुबे हे महामार्ग प्राधिकरणातले अभियंते. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात तो लुटीचा प्रकार ठरला, पण देशभर जो गहजब झाला त्यातून २००४ मध्ये तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याची सरकारी व्यवस्था आली. आपल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही बायका-मुलांविरुद्धच्या लैंगिक मजकुराची तक्रार नाव न देता करायची सोय आहे. सक्ती आली तर आधी हे लोक गप्प होतील. तुमचा कळसवाला दुसऱ्याच्या सिमवर चालूच राहील.

मग करायचं काय?

मुलींबद्दलच्या मजकुरात फोटो असतील, फिरवलेले फोटो असतील, अश्लील काही असेल, तर त्यात मध्यस्थी नाही, समजूत नाही, गावकीची बैठक तर नाहीच नाही. मुख्याध्यापकांना आणि पालकांना बरोबर घेऊन पोलीस ठाणं. मुली अठराच्या आतल्या आहेत, तिथे पॉक्सो लागू शकतो. 'गावाची अब्रू' म्हणत कोणी आडवं आलं तर त्याचं नाव लक्षात ठेवा.

तुमच्याबद्दलचं वेगळं मोजावं लागेल. 'बाई खडूस आहेत, मार्क देत नाहीत' हा गुन्हा नव्हे. त्रासदायक मजकुराला तुरुंग दाखवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि चांगलंच केलं. चारित्र्यावर खोटं लिहिलं असेल तर बदनामी, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३५६. पण ती अदखलपात्र आहे, पोलीस परस्पर गुन्हा नोंदवत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. त्यात वर्षं जातात, हे आधीच सांगून ठेवतो. धमकी असेल तर वर सांगितलेलं ३५१.

पुरावा मात्र आजच जमवा. नुसता स्क्रीनशॉट घेऊन भागत नाही. खात्याची लिंक, त्या त्या मजकुराची लिंक, तारीख आणि वेळ एका वहीत उतरवून ठेवा. ज्या फोनवर घेतलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कारण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यायला तो लागेल. इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणं त्यांना बंधनकारक आहे. खातं खाली उतरेल, मग कदाचित दुसरं उगवेल. आणि त्याला त्याच खात्यावर उत्तर देऊ नका. तो त्याचीच वाट बघत असतो.

आता ते पन्नास. ते निनावी नाहीत. त्यांची नावं खाली दिसताहेत आणि त्यांतली निम्मी तुमच्या हजेरीपटावर कधी ना कधी होती. त्यांतले चार निवडा, ज्यांच्या घरी तुम्हाला आत बोलावतील असे. मेसेज करू नका, फोनही नको. संध्याकाळी दिवेलागणीला घरी जा, त्याच्या आईसमोर बसा आणि विचारा, "हे तू वाचलंस आणि हसलास. मी समोर बसलेय, आता सांग यात हसण्यासारखं काय होतं?" रागावू नका, जास्त बोलूही नका. त्याला तुमच्याकडे बघू दे. मी दोन गावांत हे करून घेतलंय. एका गावात आठवड्याभरात हसणारे गळले आणि महिन्याभरात खातं बंद पडलं. दुसऱ्या गावात काहीही झालं नाही, शेवटी पोलिसांकडेच जावं लागलं. त्यामुळे हमी देत नाही.

राहिली पालखी. मी असतो तर दार उघडलं असतं, पुढलं दार, सताड. देवीची ओटी भरा, नारळ द्या, आणि पालखी अंगणात नाचत असेल तेव्हा आत जाऊन बसू नका. ओटीवर उभ्या राहा, उजेडात, आणि खांदा दिलेल्या एकेकाला नावाने हाक मारून विचारा, पाणी हवं का.